कपात आपल्याकडंही होते, फक्त बोभाटा होत नाही

वर एकांनी लिहिलंय की खर्चकपात आणि करवाढीवरून अमेरिकेतले दोन पक्ष अडून बसतात, आपल्याकडं तसं नाही म्हणून आपली पद्धत बरी. अर्धंच पटलं. २०११ मध्ये रिपब्लिकन करवाढीचं नाव काढू देईनात, डेमोक्रॅट पेन्शन-आरोग्याला कात्री लावू देईनात. शेवटी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेनं अमेरिकेचं पतमानांकन 'एएए' या सर्वोच्च श्रेणीवरून उतरवलं. आपल्याकडं अर्थसंकल्प सभागृहात पडला तर सरकारच जातं, त्यामुळं बहुमतवाले तो रेटून मंजूर करतातच. कपात होते ती नंतर, वित्त विभागात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तरतूद छापलेली, निधी काही वितरित होत नाही. बीड-लातूरकडच्या कुठल्याही छोट्या ठेकेदाराला विचारा, मार्च कसा जातो ते! या कपातीवर मतदान होत नाही, मग अडवणार कोण?

करवाढीचं म्हणाल तर पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आठवा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली, आणि रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ मध्ये हा कर आला. कर मुंबईच्या पगारातून, मजुरी आपल्याकडच्यांना. तरीही योजना विरोधी बाकांनीसुद्धा उचलून धरली होती, आज हे सांगितलं तर पोरं हसतात. कर अजून कापला जातोच. पण आता सगळे पक्ष एक झाले तरी राज्याला तो माणशी वर्षाला २५०० रुपयांच्या वर नेता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २७६ मधली ही मर्यादा १९८८ पासून तशीच आहे.