मदत हवी आहे: रेस्टॉरंटचं किचन बघायला बोलावलं, तर आत कसं वागायचं?

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी आईला महालक्ष्मीच्या 'मास्क'मध्ये जेवायला नेतेय. लक्ष्मी वुलन मिलच्या आवारातलं, 2016 साली सुरू झालेलं रेस्टॉरंट. तिथे ठरलेला टेस्टिंग मेनू असतो, म्हणजे शेफनेच ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात, आणि जेवता जेवता पाहुण्यांना किचनमध्ये नेऊन एखादा घास तिथेच उभ्याने खायला देतात, असं कळलं.

माझ्या आईने तीस वर्षं गिरगावात डबे केले. पहाटे चारला कणीक, सहाला पहिली फोडणी. दुसऱ्याचं एवढं मोठं स्वयंपाकघर तिने कधी आतून पाहिलेलं नाही. मला तिला ते नीट पाहू द्यायचंय, पण ऐन गर्दीत काम करणाऱ्यांच्या पायात यायचं नाहीये. ताटल्या सजवून बाहेर पाठवतात त्या 'पास'पाशी थांबायचं, एवढं मला माहीत आहे. पण शेफना प्रश्न विचारलेले चालतात का? फोटो आधी विचारूनच काढायचे ना? आईचे गुडघे दुखतात, तर ओल्या फरशीचं आधी फोनवर सांगून ठेवू का?

आणि मुख्य म्हणजे, तिने काल गोडा मसाला कुटलाय. दगडफूल वेगळं भाजून, काळजीने. छोट्या बरणीत भरून, वर फडकं बांधून ठेवलाय, 'त्या पोरांना देईन' म्हणते. असं काही देणं बरं दिसतं का? द्यायचं तर आत गेल्यावर, की निघताना?

कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.