अंदाजावरच एकमत नाही, मग तलावाचं नियोजन करायचं कसं?

पाणकावळा:
आमच्या तलावावर तिघांचा हक्क: शेतीवाले, मासेमारीवाले आणि गुरंवाले. हवामान बदलतंय, तर सगळ्यांनी मिळून पुढच्या 20 वर्षांची योजना करू, असं ठरलं. निमंत्रक मी (दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढीच माझी लायकी). पहिल्याच बैठकीत पडद्यावर दोन आलेख दाखवले. एकात पाऊस वाढतोय, दुसऱ्यात घटतोय. मागून आवाज आला, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग आम्हाला बोलवा." पुढच्या दोन्ही बैठकांना मासेमारीवाले फिरकलेच नाहीत. आता काय करू?

झिरपा:
अंदाजावर एकमत करायला जाऊच नका, गाडी तिथेच रुतते. सांडव्याजवळ मोजपट्टी असेल ना? तिच्यावर बोट ठेवून विचारा, पाणी इथवर उतरलं तर कुणी आपल्या वाट्यातलं किती सोडायचं? पाऊस वाढो की घटो, याचं उत्तर देता येतं. आणि हे तलाव भरलेला असतानाच ठरवा. तळ दिसू लागल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं असंच झालं. 1922 च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला 75-75 लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उंच) पाणी वाटून दिलं, तेही भरपूर पावसाच्या वर्षांतल्या नोंदींवरून. कागदावर पाणी जास्त, नदीत कमी. शेवटी 2007 मध्ये ठरलं की नदीवरच्या लेक मीड या धरणाच्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून 1075 फुटांखाली जाणार असं दिसलं की खालच्या खोऱ्यात कपात सुरू. 2021 मध्ये पहिल्यांदा तशी टंचाई जाहीर झाली, तेव्हा कुणाचं किती कापायचं ते आधीच लिहिलेलं होतं.

काठावरचा:
झिरपा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2007 ची कपात पुरणार नाही असं दिसलं, म्हणून ती लागू होण्याआधीच, 2019 मध्ये आणखी कपात मान्य करावी लागली. खूण चुकू शकते. म्हणून फेरतपासणीची तारीख ठरावातच घाला. लंडनच्या थेम्स खाडीची पूरयोजना दर 10 वर्षांनी पूर्ण तपासायची, असं तिच्यातच लिहिलंय. दुसरं म्हणजे 1922 च्या वाटाघाटीत तिथल्या आदिवासी जमातींना कुणी विचारलंच नव्हतं. पाणकावळा, तुमच्याकडे जे फिरकत नाहीत, त्यांच्याशिवाय केलेला ठराव पहिल्या कोरड्या वर्षीच फाटेल.

पाणकावळा:
काल बैठक सभागृहात न घेता बांधावर घेतली. पहाटे, कारण मासेमारीवाल्यांना तीच वेळ सोयीची. पडदा नाही, आलेख नाही. जाळं आवरणाऱ्या एका मावशींनी मला पाण्याशी नेलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. "तुमच्या पट्टीवर अजून पाणी दिसतंय, पण यांचा श्वास कोंडलाय," म्हणाल्या. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि पहाटे तर सगळ्यात कमी. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण मोजपट्टीशी त्याची सांगड कधी घातली नव्हती.

तर पहिली खूण मासेमारीवाल्यांनी सांगितली, माझ्या मनात होती त्यापेक्षा हातभर वर. शेतीवाले कुरकुरले, पण दोन हंगामांनी पुन्हा तपासायचं म्हटल्यावर तयार झाले. गुरंवाल्यांचा एकच माणूस आला होता, तो "विचारून सांगतो" म्हणाला. दुसऱ्या खुणेवर भांडण चालूच आहे. रंगाचा डबा सध्या माझ्या घरी.