जेवून अर्धा तास झाला की परत "आई, भूक लागली"... काय करू?

नीरफणस:
गोव्यात म्हापशाजवळ राहते. घरात आम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. प्रश्न नवीन नाहीये पण मी आता खरंच टेकीला आलेय.

मुलगा शाळेतून दीडला येतो, बूट काढायच्या आधी "खायला काय?", जेवतो, अर्ध्या तासात डब्यांची झाकणं वाजायला सुरुवात, मग बिस्किटं, मग साडेचारला पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की गेटकडे धूम, आणि उंडे (गोल कडक पाव) गेटपासून स्वयंपाकघरात येईपर्यंत त्यांच्या आतला मऊ भाग पोखरून झालेला असतो, टोपलीत पडतात ती नुसती टरफलं. रात्री आठला पानावर बसवलं की "भूकच नाही". साडेनऊला दात घासून झाल्यावर "आई, पोटात कावळे".

मुलीचं उलटं. एकदा बांगड्याच्या हुमणातलं (लाल रश्शातलं) तिरफळ, ते मसाल्याचं झणझणीत फळ, तिच्या दाताखाली आलं, जीभ झणझणली, रडून गोंधळ, तेव्हापासून ताटात लाल काही दिसलं की तोंड बंद. परवा बिटाची कोशिंबीरसुद्धा नाही चालली. वरणभात खाईल, पण त्यातली मोहरी आणि कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावत बसते, तोवर भात गार. शेवटी सासूबाई तिला वेगळा दहीभात कालवतात, म्हणजे एका जेवणाला तीन स्वयंपाक.

त्यात ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, जे मिळतं त्याचा भाव विचारायची सोय नाही आणि बंदी उठते न उठते तोच श्रावण, घरात महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहारी. मुलगा तर तळलेल्या तुकडीशिवाय भाताला हात लावत नाही. ओरडून झालं, मोबाईल लावून झाला, आईस्क्रीमची लाच देऊन झाली.

फोंड्याची वहिनी:
अगं तो साडेचारचा उंडा पकड आधी, चोर तोच आहे. मैद्याचा कोरडा पाव पोटात किती वेळ टिकणार? भूक मेल्यासारखी होते आणि नको त्या वेळेला परत उठते. मी पाव बंद नाही केला (पोदेर दारात येणार आणि गोंयकाराचं पोर पाव मागणार नाही, हे कसं जमायचं), उंड्याऐवजी कोंड्याची पोई घेते आणि नुसती कधीच देत नाही, सोबत चण्याचं तोणाक (रस्साभाजी) नाहीतर उकडलेलं अंडं, आणि बसून खायचं, हातात घेऊन घरभर फिरायचं नाही. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. जेवण आठचं साडेसातला आण. पहिले चार दिवस आमच्याकडे थयथयाट झाला, शेजारच्या काकी विचारायला आल्या, पोराला मारलं का म्हणून. पाचव्या दिवशी पोरगा स्वतःहून पाट मांडून बसला.

सुट्टीच्या दिवशी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज दे, सोबत खारातलं आंब्याचं लोणचं. आणि नाचण्याचं तिझण (खीर), गूळ आणि नारळाचा रस घालून. माझी दोघं भांडं चाटून पुसून ठेवतात.

सुंगटां_कडी:
मी बाबा आहे, घरी स्वयंपाक बहुतेक मीच करतो. वहिनींचं "फक्त पाणी" मला नाही जमलं. पोरगा दोन तास फुटबॉल खेळून येतो, त्याला थांब कसं म्हणायचं? मी केळं नाहीतर मूठभर शेंगदाणे-गूळ देतो, तेवढ्याने जेवण मरत नाही. आणि राग मानू नका, बिस्किटं घरात आणतं कोण? डब्यात नसतील तर झाकण वाजवून उपयोग काय.

मुलीसाठी मात्र एक सांगतो. तिरफळ लपवू नका, उलट तिलाच शोधायला लावा. आमच्याकडे मुलीला सांगायचो, मी सात टाकलीयत, सातही शोधून दे. डाव घेऊन कढईत ढवळायची, मोजून वाटीत काढायची. मग तिला कळलं की लाल रंगात काही नाही, ते काळं गोळं काढलं की झालं. खायचा आग्रह करायचा नाही, हुमण दोन चमचे वाटीत ठेवून द्यायचं, खाल्लं तर खाल्लं. नवीन चवीला दहा-पंधरा वेळा समोर यावं लागतं, आपण तिसऱ्या वेळेलाच हार मानतो. मुलग्याला श्रावणात कापां द्या, निरफणसाची, सुरणाची, रव्यात घोळून तव्यावर कुरकुरीत. तुमचं नावच निरफणस आणि हे मी सांगायचं!

जुनी सिस्टर:
बरीच वर्षं नर्स होते म्हणून लिहिते. वाढत्या वयात भूक लागणारच, या वयात उंची वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करत जा, वाढ होतेय ना ते बघ, जेवणाचे घास मोजू नको. जंताची गोळी शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला देतात, त्या दिवशी तो गैरहजर होता का ते आठव. पण भुकेबरोबर सारखी तहान, सारखी लघवी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू, वजन उतरणं, असलं काही असेल तर इथे विचारत बसू नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे साखर तपासून घे.

मुलगी दूध किती पिते ते लिहिलं नाहीस. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर तिची भूक तिथेच संपते. आणि जेवणाबरोबर चहा देत असाल तर बंद, लोह अंगाला लागत नाही.

काजूची बी:
आमच्या वेळी असले प्रश्न नव्हते. जे पानात पडेल ते.

सुंगटां_कडी:
@काजूची बी, तुमच्या आईला विचारून सांगा.

नीरफणस:
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी. तहान-लघवी वगैरे काही नाही, गोळी मात्र फेब्रुवारीत चुकली होती. दुधाचं सिस्टरनी बरोबर ओळखलं, सासूबाई दुपारी गुपचूप एक जादा कप देत होत्या, त्यावरून घरात थोडं झालं, असो. पोई-तोणाक जमलं. बिस्किटं आणणं बंद केलं, आता नवऱ्याचीच कुरकुर. साडेनऊचे कावळे अजून येतात, पण रोज नाही. मुलग्याला सुरणाची कापां मासा म्हणून खपली नाहीत, निरफणसाची खपली.

काल खतखतं (मिश्र भाज्यांचं) केलं. तिरफळं सहा टाकली, मुलीने मोजून पाच काढली, सहावं काही केल्या सापडेना. ते सासूबाईंच्या दाताखाली आलं. आज त्यांनी ताटात खतखतं वाढूनच घेतलं नाही.