मदत हवी आहे: सयामी पिल्लू घ्यावं का? (ऐरोली)

नमस्कार मंडळी, आईला सोबत म्हणून मांजर आणायचंय आणि तिला सयामीच हवंय, ते निळे डोळे आणि काळपट तोंड बघून ती पार प्रेमात पडलीये. एक जण दोन महिन्यांचं पिल्लू ओरिजिनल सयामी म्हणून देतोय, पण फोटोत ते पूर्ण पांढरं दिसतंय आणि डोळे पिवळसर!! मला माहितीये की सयामी पिल्लं जन्मतः पांढरीच असतात आणि अंगाचा जो भाग थंड राहतो तिथे म्हणजे कान, तोंड, पंजे, शेपटी इथे हळूहळू गडद रंग चढतो, पण दोन महिन्यांत कानाच्या कडेला तरी थोडा रंग यायला हवा ना? आणि डोळे तर निळेच हवेत. आपल्या इथल्या गरमीमुळे रंग फिका राहतो हे मान्य, पण इतका?

दुसरं म्हणजे स्वभाव. ही मांजरं खूप बोलतात, मोठ्या घोगऱ्या आवाजात, आणि एकटं राहणं त्यांना सोसत नाही म्हणतात. आई दुपारी झोपते, बीपीचा त्रास आहे, तिला झेपेल का? ज्यांनी फ्लॅटमध्ये पाळलंय त्यांनी प्लीज सांगा, शक्य असेल तर लहानपणीचे फोटोपण टाका. रविवारपर्यंत त्याला हो-नाही कळवायचंय.