अपलोड सुरू असताना इंटरनेट फोनवर आवाज तुटतो
प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुलगी छायाचित्रे क्लाउडवर चढवू लागली की पलीकडच्यांना माझे शब्द अर्धेच ऐकू येतात, त्यांचा आवाज मला मात्र स्वच्छ येतो. अधिक वेगाचा प्लॅन घ्यावा का?

उत्तर १: मुळीच नको. जी.७११ कोडेकच्या (आवाजाचे डिजिटल डेटात रूपांतर करणाऱ्या पद्धतीच्या) कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस पुरतात. आवाजाची पॅकेटे, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मोडेमच्या रांगेत छायाचित्रांमागे ताटकळतात, ही खरी अडचण आहे. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणता डेटा आधी जाऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) फोनला सर्वोच्च प्राधान्य द्यावे आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे रांग राउटरमध्येच लागेल, जिथे ती आपल्या ताब्यात असते.

उत्तर २: मर्यादा न घालता नुसते प्राधान्य देऊन मी महिनाभर फसलो होतो.

प्रश्नकर्ता: २० एमबीपीएसऐवजी १८ ठेवले. काल अपलोड सुरू असतानाच सीताबर्डीच्या भावाशी वीस मिनिटे बोललो. त्याने एकदाही ‘काय म्हणालास?’ विचारले नाही.