'असुरक्षित' की 'असंरक्षित'? आयओएमएमयूविना ड्रायव्हर बांधताना

प्रश्न
लिनक्सवर डीपीडीके (नेटवर्कची पाकिटे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, वगळून थेट प्रोग्रॅममध्ये हाताळणारे सॉफ्टवेअर) वापरण्याविषयी मराठी टिपण लिहिताना एका शब्दावर अडलो आहे. त्यासाठी नेटवर्क कार्ड सहसा मूळ ड्रायव्हरपासून सोडवून व्हीएफआयओ-पीसीआयला (उपकरण थेट प्रोग्रॅमच्या ताब्यात देणाऱ्या ड्रायव्हरला) बांधावे लागते. परंतु यंत्रात आयओएमएमयू (उपकरणांच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणारा हार्डवेअरचा भाग) नसेल किंवा बायोसमध्ये तो बंद असेल, तर ही बांधणी उणे २२ ही त्रुटी देऊन फसते. २०१६ मधील लिनक्स ४.५ पासून व्हीएफआयओ आयओएमएमयूविनाही चालवता येते, आणि त्या पर्यायाच्या नावातच 'अनसेफ' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. मी 'असुरक्षित पद्धत' असे लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी 'असंरक्षित' केले. आपल्याला काय योग्य वाटते?

प्रतिसाद
सहकाऱ्यांची दुरुस्ती मला पटते. आयओएमएमयू असताना कार्डाने डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी) काढलेला प्रत्येक पत्ता तपासला जातो आणि मेमरीच्या नेमून दिलेल्या पानांबाहेर त्याला लिहिता येत नाही. तो नसेल तर कार्ड थेट भौतिक पत्त्यावर लिहिते, त्यामुळे प्रोग्रॅमने चुकीचा पत्ता दिल्यास कर्नलची स्वतःची मेमरीही बिघडू शकते. म्हणजे येथे संरक्षण नाही, ही वस्तुस्थिती आहे. धोका किती, हा पुढचा प्रश्न आहे. आभासी यंत्राला पुष्कळदा आयओएमएमयू दिसतच नाही, पण तेथील नासधूस त्या पाहुण्या यंत्राच्या मेमरीपुरती राहते.

प्रतिसाद
नम्रपणे असहमत आहे. 'असंरक्षित' वाचून कोणी थबकत नाही, आणि येथे वाचणाऱ्याने थबकायलाच हवे. कर्नल लिहिणाऱ्यांनीही केवळ वस्तुस्थिती नोंदवलेली नाही: ही पद्धत वापरण्यासाठी रॉ-आयओचा (हार्डवेअरला थेट हात घालण्याचा) विशेषाधिकार लागतो, एखाद्या प्रोग्रॅमने नकळत ती वापरू नये म्हणून व्हीएफआयओमधील उपकरण-गटाच्या फाइलला 'नोआयओएमएमयू-०' असे वेगळे नाव मिळते आणि कर्नलवर 'टेंट'चा, म्हणजे तो आता पूर्ण भरवशाचा राहिला नाही असा, शिक्का बसतो. इतका बंदोबस्त ज्या गोष्टीभोवती आहे, तिला असुरक्षितच म्हणावे. 'टेंट'साठी मात्र 'बाटलेला कर्नल' असे कृपया कोणी लिहू नये. त्या शब्दामागचा सामाजिक इतिहास तांत्रिक लेखनात नको. 'डागी' पुरेसा आहे.

प्रतिसाद
मला मूळ प्रश्नापेक्षा 'बांधणे' अधिक खटकते. बांधलेली वस्तू जागची हलत नाही, आणि येथे तर कार्ड कामाला लावायचे आहे. आमच्याकडे बैल औताला जुंपतात आणि काम झाले की सोडतात. ड्रायव्हरचेही तसेच आहे. संस्कृत 'युग'वरून आलेले 'जू' त्या क्रियापदाच्या जवळचे आहे, म्हणून मी 'ड्रायव्हरला जुंपणे' असे लिहितो.

प्रतिसाद
'जुंपणे' बोलीत शोभते, परंतु पुस्तिकेत 'संलग्न करणे' हेच प्रमाण मानावे. शिवाय 'जुंपली' म्हटले की वाचकाला आधी भांडण आठवते.

प्रतिसाद
'संलग्न' म्हटले की महाविद्यालय आणि विद्यापीठ डोळ्यांसमोर येते, आणि त्याचे उलट 'विसंलग्न' कोणी प्रत्यक्ष बोलताना ऐकलेले नाही. आमच्या कार्यालयात सर्वजण 'व्हीएफआयओला बाइंड कर, मग अनबाइंड कर' असेच म्हणतात आणि कोणाचेही अडत नाही. वापरातला शब्द हटवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद
कार्यालयात म्हणतात हे खरे. पण टिपण मराठी वाचकासाठी आहे, आणि 'बाइंड' लिहायचे ठरले तर 'अनसेफ'ही तसाच ठेवावा लागेल. 'जुंपणे–सोडणे' ही जोडी निदान दोन्ही बाजूंनी चालते. संलग्नवाल्यांनी 'अनबाइंड'साठी बोलता येईल असा एक शब्द द्यावा, मग पुढे बोलू.