युरोपीय संघाचा सुधारणा-विनियम वाचायचा कसा? (स्थलांतर निधी, वित्त आणि शेती)

वाघूरकाठ, जळगाव

नमस्कार. मी जळगावात विधी शाखेच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून लघुप्रबंधासाठी 'युरोपीय संघाच्या विनियमांतील सुधारणा' हा विषय घेतला आहे. विषय घेताना माझी समजूत अशी होती की ज्या विनियमांनी २७ देश एकाच वेळी बांधले जातात, ते बदलण्याची वाटही एकच असणार, आणि ती एकदा कळली की स्थलांतर निधी, वित्त व शेती ही तीन क्षेत्रे नुसती उदाहरणे म्हणून मांडता येतील. स्थलांतर व गृहविषयक निधींचा सामाईक विनियम ५१४/२०१४ मी छापून घेतला आणि पंधरा दिवस समासात टिपणे करीत वाचला. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारले, "हा मजकूर कोणत्या तारखेचा?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या हातात होता तो २०१४ चा मूळ मजकूर, आणि त्यात पुढे बदल झाले होते हे मला ठाऊकच नव्हते.

त्यानंतर अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीचा वित्तीय विनियम २०१८/१०४६ उघडला, तर त्याच्या शीर्षकातच आठ इतर विनियम आणि एक निर्णय यांचे क्रमांक ओळीने आलेले. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावे येतात तसे. पैसे कसे खर्चावेत हे सांगणाऱ्या विनियमाने इतक्या परक्या विनियमांना का हात लावावा? आणि शेतीचे चार मोठे विनियमही आरंभी त्याच प्रस्तावात होते असे वाचले, मग ते शेवटच्या शीर्षकात का नाहीत? हे बदल नेमके कोण करतो आणि आजचा मजकूर कोठे पाहावा, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

निवृत्त मसुदाकार, धुळे

तुमची अडचण शब्दापासून सुरू होते, म्हणून आधी शब्द वेगळे करू. विधेयकाचा मसुदा सभागृहात असताना सदस्य सुचवतात ती 'दुरुस्ती', आणि मंजूर होऊन अमलात आलेल्या कायद्यात पुढे दुसऱ्या कायद्याने जो बदल होतो ती 'सुधारणा', असा भेद मी आयुष्यभर पाळला. युरोपातील कागदपत्रे वाचताना या दोन्हींसाठी एकच शब्द समोर येतो, आणि संसदेने मसुद्यात मागितलेले बदल व जुन्या विनियमात झालेले बदल यांची सरमिसळ होते.

आता मुख्य मुद्दा. बदल कोण करणार हे विनियमाच्या विषयावरून पूर्णपणे ठरत नाही. त्या विनियमाच्या कोणत्या भागाला हात लावायचा आहे यावरून ते ठरते. मूळ तरतुदी बदलायच्या असतील तर युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेने, प्रस्ताव मांडायचा आणि थेट निवडून आलेली युरोपीय संसद व सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद या दोघांनी एकच मजकूर संमत करायचा, ही संघाच्या कार्यकराराच्या, म्हणजे संघाचे कामकाज ठरवणाऱ्या मूळ कराराच्या, अनुच्छेद २९४ मधील सर्वसाधारण विधिप्रक्रिया होय. परिषदेत विशेष बहुमत लागते, म्हणजे किमान ५५ टक्के देश, २७ पैकी १५, आणि त्यांच्याकडे संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. पहिल्या वाचनात एकमत झाले नाही तर दुसरे वाचन आणि त्यानंतर समेट समिती अशी सोय आहे, पण अलीकडे बहुतेक मजकूर तिन्ही संस्थांच्या प्रतिनिधींच्या बंद खोलीतील बैठकांतच ठरतो आणि पहिल्या वाचनात संमत होतो. हे मला फारसे रुचत नाही, परंतु वस्तुस्थिती तशी आहे.

तुमच्या तिन्ही क्षेत्रांत आज हीच प्रक्रिया आहे, फक्त अधिकाराचा आधार वेगळा: शेतीला अनुच्छेद ४३, आश्रय व स्थलांतराला ७८ आणि ७९, वित्तीय नियमांना ३२२. शेतीत हे नेहमी असे नव्हते. लिस्बन करार १ डिसेंबर २००९ रोजी अमलात येईपर्यंत शेतीच्या कायद्यांवर संसदेचा केवळ सल्ला घेतला जाई आणि निर्णय परिषद एकटी करी. स्थलांतरात आणखी एक गाठ आहे. डेन्मार्क त्या विषयापुरता बाहेर आहे आणि आयर्लंड प्रत्येक वेळी आपण सामील आहोत की नाही ते कळवतो, म्हणून अशा विनियमाच्या प्रास्ताविकाचे शेवटचे परिच्छेद गाळून वाचू नका.

पैशाची एकूण कमाल मर्यादा मात्र निराळ्या दारातून जाते. सात वर्षांची आर्थिक चौकट अनुच्छेद ३१२ खाली येते. तिला संसदेची संमती आणि परिषदेत एकमत लागते. २०२१ ते २०२७ ची चौकट विनियम २०२०/२०९३ मध्ये आहे. ती वाढवून युक्रेनसाठी तरतूद करायची तर डिसेंबर २०२३ मध्ये एकटा हंगेरी आडवा आला आणि गाडी थांबली. १ फेब्रुवारी २०२४ च्या शिखर बैठकीत तोडगा निघाला आणि २९ फेब्रुवारीच्या विनियम २०२४/७६५ ने चौकट बदलली. स्थलांतर निधीचा विनियम बहुमताने सुधारता येतो, पण त्या निधीत अधिक पैसा ओतायला मूळ मर्यादाच वाढवावी लागली तर एका देशाचा नकारही पुरेसा ठरतो.

वाचण्याच्या पद्धतीविषयी. 'अमुक कलमातील तमुक मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येत आहे' ही भाषा तुम्हाला आपल्या सुधारणा अधिनियमांतून परिचित असेल. असे शब्द मूळ कायद्यात मिसळले की सुधारणा अधिनियमाचे काम संपते, म्हणूनच आपल्याकडे संसद वेळोवेळी जुने सुधारणा अधिनियम निरसित करते आणि तरीही बदल टिकतात. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचे कलम ६-क त्याचसाठी आहे. युरोपातही मिसळण्याची क्रिया तशीच होते, पण एक जागा निसटते. सुधारणा-विनियमात कधीकधी स्वतंत्र संक्रमणकालीन तरतुदी असतात, उदाहरणार्थ, आधीच सुरू झालेल्या प्रकल्पांना जुनाच नियम लागू राहील. त्या मूळ विनियमात मिसळत नाहीत. एकत्रित मजकुरात, म्हणजे सर्व सुधारणा मूळ विनियमात मिसळून तयार केलेल्या प्रतीत, त्या दिसणार नाहीत, तरीही त्या कायदा आहेत. त्यामुळे एकत्रित मजकूर वाचून झाल्यावर शेजारी सुधारणा-विनियम ठेवावाच लागतो.

मिरची पथारी, नंदुरबार

सरांनी पायथ्यापासून सांगितले, परंतु आमच्यासारख्या व्यापाऱ्याचे नशीब ज्या बदलांवर ठरते ते संसदेपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून दोन शब्द लिहितो. विनियमाच्या अंगात कलमे असतात आणि शेपटीला परिशिष्टे. कलमे वर्षानुवर्षे तशीच राहतात. बदलत राहतात ती परिशिष्टे, आणि ती आयोग बदलतो.

संघाबाहेरून येणाऱ्या काही अन्नपदार्थांवर वाढीव तपासणी लावणारा अंमलबजावणी विनियम २०१९/१७९३ घ्या. कोणत्या देशाचा कोणता माल, कोणत्या दोषासाठी, शेकडा किती खेपांत तपासायचा, हे त्याच्या परिशिष्टांत असते आणि त्या याद्यांचा फेरविचार सहा महिन्यांहून अधिक न थांबता करावा असे त्यातच लिहिले आहे. भारतातली भेंडी, शेवगा आणि आमची मिरचीही त्या याद्यांत राहिलेली आहे. २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश सापडले, तेव्हा ऑक्टोबरमध्येच विनियम २०२०/१५४० निघाला आणि तीळ यादीत गेला. तीन संस्थांच्या बैठका नाहीत, दोन वाचने नाहीत. सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांची समिती मत देते आणि आयोग सही करतो.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका सल्लागाराने मला या विनियमाची छापील प्रत दिली होती, नीट बांधलेली, आणि ती मी दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली ठेवली होती. खेप बंदरात अडली तेव्हा कळले की माझ्या प्रतीनंतर परिशिष्ट बदललेले होते. माल परत आला नाही, पण प्रयोगशाळेचा आणि थांबवणुकीचा खर्च माझ्याच खिशातून गेला.

आणखी एक जुनी गोष्ट सर्वांना आठवत असेल. १ मे २०१४ पासून संघाने भारतीय आंबा रोखला, तो २०१४/२३७ क्रमांकाच्या आयोगाच्या निर्णयाने. त्यात आंब्याबरोबर कारली, पडवळ, अळू आणि वांगीही होती. वृत्तपत्रांनी हापूसचाच शोक केला. भरीत खाणाऱ्या मुलखात वांग्याची बातमी मोठी व्हायला हवी होती, पण आपले वांगे तितके मिरवत नाही. आंब्यावरची बंदी २०१५ च्या प्रारंभी उठली, तीही त्याच मार्गाने, मूळ निर्णयात सुधारणा करून.

वाघूरकाठ, जळगाव

सर, दादा, दोघांचेही आभार. दादांच्या उत्तरातून नवा प्रश्न निघतो. आयोगाला परिशिष्ट बदलता येते, मग कलमेही हळूहळू त्याच वाटेने बदलली जाणार नाहीत याची खात्री कोण देतो? आणि शेतीचा भाग वित्तीय विनियमातून का वेगळा झाला हे अजून कळलेले नाही.

भुसावळ जंक्शन

मी मूळची भुसावळची. गेली काही वर्षे युरोपातील एका विद्यापीठात शेतीधोरणावर संशोधन करते आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

लिस्बन करारानंतर आयोगाचे अधिकार दोन प्रकारांत विभागले आहेत. अनुच्छेद २९० खाली संसद व परिषद मूळ विनियमातच आयोगाला सांगतात की अमुक बिनमहत्त्वाचे तपशील तू बदलू शकतोस, परंतु प्रत्येक बदल आमच्यासमोर मांड; ठरलेल्या मुदतीत, जी बहुधा दोन महिन्यांची असते, दोघांपैकी एकाने जरी हरकत घेतली तरी बदल पडतो, आणि दिलेला अधिकार काढूनही घेता येतो. मूळ गाभ्याला मात्र आयोगाने हात लावायचा नाही, हे त्या अनुच्छेदातच आहे. अनुच्छेद २९१ खाली येतात ते अंमलबजावणीचे नियम, ज्यांचे दादांनी वर्णन केले. तेथे लगाम सदस्य देशांच्या समित्यांच्या हाती असतो आणि त्या समित्यांचे नियम विनियम १८२/२०११ मध्ये आहेत. आपल्याकडे अधिनियमाखालील नियम विधिमंडळासमोर ठेवतात त्याच्याशी पहिल्या प्रकाराचे नाते आहे, फक्त तिकडची हरकत अधिक खरी असते असे मला वाटते.

आता शेतीची गोष्ट. आयोगाने सप्टेंबर २०१६ मध्ये एकच गठ्ठा-प्रस्ताव मांडला. त्यामागचे कारण साधे होते: वित्तीय नियम सोपे करायचे तर ज्या-ज्या निधीच्या विनियमांत तेच नियम वेगळ्या शब्दांत लिहिलेले आहेत तेथेही एकाच वेळी बदल करावा लागतो, नाही तर दोन कायदे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. म्हणून शीर्षकातली ती लांब यादी. परंतु शेतीच्या भागावर २०१७ च्या हिवाळ्यापूर्वीच सहमती झाली आणि वित्तीय भाग अजून अडलेला होता. मग शेतीचे डबे मधल्याच स्थानकावर वेगळे काढून पुढे पाठवण्यात आले. त्यांचा झाला विनियम २०१७/२३९३, दिनांक १३ डिसेंबर २०१७. उरलेली गाडी १८ जुलै २०१८ रोजी पोहोचली, तीच तुमची २०१८/१०४६. भुसावळच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

वेगाविषयी एक तुलना तुमच्या प्रबंधाला उपयोगी पडेल. १४ मे २०२४ या एकाच तारखेचे दोन विनियम पाहा. २०२४/१४६८ ने शेतीच्या २०२१/२११५ व २०२१/२११६ या विनियमांत सुधारणा केली: जमिनीचा ठरावीक हिस्सा पडीक ठेवण्याची सक्ती गेली आणि दहा हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पर्यावरणीय अटींवरील तपासणी व दंडातून सूट मिळाली. ट्रॅक्टर रस्त्यावर आले होते, जूनमध्ये संसदेची निवडणूक होती, आणि १५ मार्चला मांडलेला प्रस्ताव दोन महिन्यांत कायदा झाला. त्याच दिवशीचा २०२४/१३५१ हा आश्रय व स्थलांतर व्यवस्थापनाचा विनियम. त्याने स्थलांतर निधीचा विनियम २०२१/११४७ सुधारला आणि आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणारा जुना विनियम ६०४/२०१३ निरसित केला. त्याचा प्रस्ताव सप्टेंबर २०२० चा होता. प्रक्रिया कागदावर तंतोतंत तीच, अनुच्छेद २९४ ची.

मात्र यावरून स्थलांतर म्हणजे नेहमीच संथ असा निष्कर्ष काढू नका. तुम्ही छापलेला ५१४/२०१४ हा विनियम ६ एप्रिल २०२२ च्या २०२२/५८५ ने बदलला, युक्रेनवरील आक्रमणानंतर दीड महिन्याच्या आत; जुन्या निधीचा पैसा वापरण्याची मुदत एक वर्षाने वाढवली गेली. निर्वासितांची वाटणी कशी करायची हा वाद असेल तर वर्षे लागतात, शिल्लक पैसा वापरू द्यायचा असेल तर आठवडे.

मजकूर शोधताना दोन खुणा लक्षात ठेवा. १ जानेवारी २०१५ पूर्वीच्या विनियमांत अनुक्रमांक आधी आणि वर्ष नंतर येते, त्यानंतर वर्ष आधी येते; म्हणून ५१४/२०१४ आणि २०२१/११४७. आणि संघाच्या कायदेविषयक संकेतस्थळावर मूळ कायद्याचा सेलेक्स क्रमांक, म्हणजे तेथील प्रत्येक कागदाचा ओळख-क्रमांक, ३ ने सुरू होतो, एकत्रित मजकुराचा ० ने, ज्याच्या शेवटी तारीख असते. मॅडमनी विचारली ती हीच तारीख. हा एकत्रित मजकूर सोयीसाठी असतो. कायदा म्हणून उद्धृत करायचा तो राजपत्रातलाच.

वाघूरकाठ, जळगाव

ताई, डब्यांचे उदाहरण प्रबंधात वापरण्याचा मोह होतो आहे. शेवटचे एक विचारतो: २०१८/१०४६ ची जागा आता २०२४/२५०९ ने घेतली आहे, पण तो सुधारणा-विनियम म्हणवत नाही. तो जुन्याचे निरसनही करतो आणि जुना बराच मजकूर जसाच्या तसा परत लिहितो. याला मराठीत काय म्हणावे?

निवृत्त मसुदाकार, धुळे

आपल्या अनेक जुन्या अधिनियमांच्या उद्देशिकेत 'एकत्रीकरण व सुधारणा करण्यासाठी' असे शब्द असतात; मी तोच शब्द वापरीन. सुधारणांची ठिगळे इतकी झाली की मूळ वस्त्र दिसेनासे होते, तेव्हा सर्व मजकूर नव्याने एका विनियमात लिहितात. या तंत्राबद्दल तिन्ही संस्थांचा २००१ चा करार आहे, आणि त्यानुसार न बदललेला भाग नव्याने चर्चेला उघडण्यावर बंधन असते. अशा विनियमाच्या शेवटी एक तुल्यता तक्ता असतो, जुने कलम कोणते आणि नवे कोणते. इतर कायद्यांत राहून गेलेले जुन्या क्रमांकाचे उल्लेख त्याच तक्त्यावरून नव्याकडे वळवून वाचायचे असतात, तेव्हा प्रत काढताना तेवढी पाने वगळू नका.